दिसणारे वय

जपमाळेच्या आनंदाच्या रहस्यांतील पाचवे रहस्य आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जात आले आहे. वल्हांडण सणासाठी येरुशलेमला गेलेला बारा वर्षांचा येशू परतीच्या वाटेवर सोबत नाही, हे एका दिवसाची मजल मारून झाल्यावर योसेफ आणि मरिया यांच्या ध्यानी येते. ती दोघे नातलगांत शोधतात, ओळखीपाळखीच्यांत शोधतात, माघारी फिरतात आणि तिसऱ्या दिवशी तो मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसलेला त्यांना सापडतो. ख्रिस्तसभेने या सापडण्याची गणना आनंदात केली; पण तेच हरवणे तिने मरियेच्या सात दुःखांतही मोजले आहे. ज्या आईचे लेकरू जत्रेत वा स्टेशनावर घटकाभर जरी नजरेआड झाले असेल, तिला या दोन्ही गणनांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आज आम्हांस अशाच एका बारा वर्षांच्या मुलाची आणि त्याला परत आणणाऱ्या आईची आठवण होत आहे. लंडनच्या दक्षिण भागात टूटिंग येथे राहणारा सिडनी लुईस ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या ईस्ट सरे रेजिमेंटमध्ये भरती झाला, तेव्हा त्याला तेरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात तो मशीनगन दलातून फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर लढत होता. त्याच्या आईने त्याच्या जन्माचा दाखला युद्ध खात्याकडे पाठवला आणि मुलगा परत मागितला. दाखला पाहून सिडनीला घरी धाडण्यात आले. म्हातारपणी तो ही हकिकत सांगे, तेव्हा ती खुद्द घरच्यांनाही खरी वाटत नसे. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे चव्वेचाळीस वर्षांनी, २०१३ साली, लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने कागदपत्रे तपासून ती खरी असल्याचे मान्य केले.

सिडनी एकटा नव्हता. त्या वेळी ब्रिटनमध्ये सैन्यात शिरण्यास १८ वर्षे आणि समुद्रापलीकडे जाऊन लढण्यास १९ वर्षे पूर्ण असावी लागत. तरीही १९१४ ते १९१८ या पहिल्या महायुद्धाच्या काळात सुमारे अडीच लाख अल्पवयीन मुले ब्रिटिश सैन्यात दाखल झाली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा वाचून आम्ही थबकलो. एखाददुसरा चलाख मुलगा मोठ्यांना फसवू शकेल. पण अडीच लाख मुले मोठ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतात, हे कसे मानावे? म्हणून आम्हांस एक प्रश्न पडतो आणि तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. मुलगा खोटे वय सांगतो, तेव्हा ते असत्य कोणाच्या नावावर मांडायचे?

प्रथम मुलांची बाजू पाहिली पाहिजे. ती सारीच काही देशभक्तीने पेटून निघाली नव्हती. त्या काळी गरिबांची मुले बाराव्या-तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत वा गिरणीत राबू लागत. अशा मुलाला सैन्याचा गणवेश, पोटभर जेवण, सोबतीला मित्र आणि गावाबाहेरचे जग यांचे आकर्षण वाटले, तर त्यात नवल नाही. शिवाय बँडच्या तालावर पलटणी रस्त्यावरून जात, गर्दी टाळ्या वाजवी, भिंतीभिंतींवर भरतीची आवाहने झळकत. जो घरी राहिला त्याला भित्रा ठरवण्याची रीतही निघाली. ऑगस्ट १९१४ मध्ये फोकस्टन येथे एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याच्या पुढाकाराने स्त्रियांनी साध्या वेषातील तरुणांच्या हाती भित्रेपणाची खूण म्हणून पांढरे पीस देण्यास सुरुवात केली. ही लाट देशभर पसरली आणि अंगापिंडाने थोराड दिसणाऱ्या पोरांच्या हातीही ती पिसे पडू लागली. पंधरा वर्षांच्या मुलाला चारचौघांत भित्रा म्हणावे आणि मग त्याने आपले वय वाढवून सांगितले म्हणून त्यालाच लबाड ठरवावे, हा न्याय आम्हांस पटत नाही.

आता भरतीच्या मेजावर काय घडे ते पाहू. उमेदवाराची उंची मोजली जाई. युद्धाच्या आरंभी ती निदान पाच फूट तीन इंच असावी लागे. त्याची छाती मोजली जाई, दात आणि डोळे तपासले जात. ब्रिटनमध्ये जन्मनोंदणीची सरकारी व्यवस्था १८३७ पासून चालू होती, तेव्हा दाखला मागवणे काही अशक्य नव्हते; पण तो मागण्याचा नियमच नव्हता. वय तेवढे तोंडी विचारले जाई. भरती करणाऱ्या सार्जंटला माणसामागे काही पैसे मिळत. कोणी पोरगा अनवधानाने खरे वय बोलून गेला, तर सार्जंट त्याला सांगे की बाहेर एक चक्कर मारून ये आणि आत येताना मोठा होऊन ये. अशा आठवणी त्या पिढीतील कितीतरी सैनिकांनी सांगून ठेवल्या आहेत. आणि भरतीच्या कागदावर उमेदवाराचे वर्णन लिहिण्याच्या जागी एक रकाना असे. त्याचे शीर्षक होते ‘दिसणारे वय’. खरे वय नव्हे, सांगितलेले वयही नव्हे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना जे दिसले ते वय. त्या रकान्यात लिहिणारे डोळे पोराचे नव्हते, मोठ्या माणसाचे होते.

असत्याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण सौम्य नाही. संत ऑगस्टीन यांनी या विषयावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि चांगल्या हेतूनेही खोटे बोलू नये, असा निर्णय दिला. संत थॉमस अक्वायनस यांनी थट्टेतले, कोणाच्या उपयोगी पडण्यासाठीचे आणि अपाय करणारे असे असत्याचे तीन प्रकार सांगितले. त्यांची गंभीरता कमीअधिक असली, तरी पहिल्या दोहोंनाही त्यांनी निर्दोष म्हटले नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने हीच परंपरा पुढे नेली. कोणते सत्य विकृत झाले, परिस्थिती काय होती, बोलणाऱ्याचा हेतू काय होता आणि कोणाला किती इजा पोहोचली, यांवरून असत्याचे वजन करावे, असे तो ग्रंथ सांगतो. तेव्हा मुलांनी सांगितलेले वय खोटे होते, हे आम्ही झाकू इच्छित नाही. चुकीला चूक म्हटल्यावाचून दया करता येत नाही.

त्या मुलांनाही हे कळत होते. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धासंबंधी एक आख्यायिका सांगितली जाते. सैन्यात जाऊ पाहणारी मुले कागदाच्या चिटोऱ्यावर अठराचा आकडा लिहून तो बुटात तळपायाखाली ठेवीत आणि अधिकाऱ्याने विचारताच, मी अठराच्या वर आहे, असे छातीठोकपणे सांगत. मनात एक ठेवून तोंडाने दुसरे भासवण्याची ही युक्ती आपल्या धर्मशास्त्रालाही परिचित आहे. अशा मनात राखून ठेवलेल्या अर्थाच्या आधारे खोट्याला खरे ठरवता येते, हे मत पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली निषिद्ध ठरवले. तेव्हा त्या चिटोऱ्याने मुलगा निर्दोष ठरत नाही. पण हसू आवरून पाहिले, तर त्या चिटोऱ्यात आम्हांस एक जिवंत सदसद्विवेकबुद्धी दिसते. खोटे बोलू नये ही आईची शिकवण त्या पोराने टाकून दिली नव्हती. ती तो तळपायाखाली घेऊन निघाला होता. मेजापलीकडच्या प्रौढ माणसापाशी मात्र असा एखादा चिटोराही नव्हता.

असत्य म्हणजे दुसऱ्याला चुकीच्या समजुतीत पाडण्यासाठी सत्याच्या विरुद्ध बोलणे. भरतीच्या मेजावर चुकीच्या समजुतीत कोण पडले? सार्जंट नव्हे, त्याला दिसत होते. डॉक्टर नव्हे, त्याने मिसरूडही न फुटलेले ओठ पाहिले होते. फसली ती घरी वाट पाहणारी आई, आणि फसला तो स्वतः मुलगा, कारण आपण काय देऊ केले आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. ज्याला उद्देशून खोटे सांगितले तो फसलाच नाही, उलट त्याला ते हवेच होते. अशा वेळी त्या असत्याला दोन धनी असतात. आमच्या पिढीने लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात दुसऱ्याच्या पापात भागीदार होण्याचे नऊ मार्ग घोकले होते. सल्ला, आज्ञा, संमती, चिथावणी, स्तुती, लपवणूक, सहभाग, मौन आणि समर्थन. त्या वेळी ही नुसती यादी वाटे. ती या प्रसंगाला लावून पाहावी. पांढरे पीस ही चिथावणी होती, टाळ्या ही स्तुती होती, सार्जंटचे डोळे मिचकावणे ही संमती होती आणि ज्यांना ठाऊक असून जे बोलले नाहीत त्यांचे मौन होते. मुलाच्या एका वाक्याभोवती सारा देश उभा होता.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. या मुलांचे धैर्य खोटे होते काय? दावीदसुद्धा पोरच नव्हता काय? अमेरिकेचा जॅक लुकास १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, चौदाव्या वर्षी वय लपवून मरीन दलात शिरला. फेब्रुवारी १९४५ मध्ये इवो जिमा बेटावर, सतरावा वाढदिवस होऊन सहाच दिवस झाले असताना, खंदकात येऊन पडलेल्या दोन हातबाँबांवर त्याने सोबत्यांना वाचवण्यासाठी स्वतःला झोकून दिले. त्यांतील एक फुटला नाही आणि तो भयंकर जखमी होऊनही वाचला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्याच वर्षी त्याला देशाचे सर्वोच्च शौर्यपदक दिले. मित्रांसाठी प्राण पुढे करण्याहून मोठी प्रीती नाही, असे आपण मानतो. तेव्हा लुकासच्या कृतीपुढे आम्ही मान लवविल्याशिवाय राहणार नाही.

परंतु त्याच वर्षी त्याच देशातील कॅल्व्हिन ग्रॅहम बाराव्या वर्षी आईची खोटी सही करून नौदलात गेला. नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्वाडलकॅनालच्या सागरी लढाईत ‘साउथ डकोटा’ या युद्धनौकेवर तो जखमी झाला आणि तशाही स्थितीत त्याने इतरांना मदत केली. त्याला पदके मिळाली. पुढे आईकडून त्याचे खरे वय उघड झाल्यावर तीन महिने लष्करी कोठडी त्याच्या वाट्याला आली, पदके काढून घेतली गेली आणि सन्मानाविना त्याला घरी पाठवण्यात आले. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात, १९७८ साली, त्याची सेवा सन्माननीय ठरली. जखमी सैनिकाचे पदक त्याच्या कुटुंबाला परत मिळाले ते १९९४ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. असत्य दोघांचे एकच. एकाच्या गळ्यात पदक, दुसऱ्याला कोठडी. यावरून एवढेच दिसते की देशाने त्या असत्याचे मोल सत्याच्या तराजूत केले नाही, सोयीच्या तराजूत केले. मुलांचे धैर्य खरे होते. पण जे धैर्य मुलाकडून मागण्याचा अधिकारच कोणाला नव्हता, ते मिळाले म्हणून मागणाऱ्याचा दोष फिटत नाही. दावीदाच्या गोष्टीतही शौल राजाने तू अजून पोर आहेस हे उघड बोलून दाखवले होते. राजाचे चिलखत अंगावर चढवून पाहिल्यावर ते आपल्याला पेलत नाही, हे सांगून मुलाने ते उतरवून ठेवले होते. तेथे कोणी कोणाचे वय लपवले नव्हते. १९१४ सालच्या पोरांना मात्र चिलखत उतरवण्याची मुभा नव्हती.

ती नसली की काय होते, हे हर्बर्ट बर्डन याच्या नशिबाने दाखवले. सोळाव्या वर्षी वय वाढवून तो नॉर्थंबरलँड फ्युजिलिअर्समध्ये भरती झाला. रणांगणाच्या भीषणतेत तो पलटण सोडून गेला, पकडला गेला आणि २१ जुलै १९१५ रोजी त्याच्याच सैन्याने त्याला गोळ्या घालून देहान्त शिक्षा दिली. त्या दिवशी तो सतरा वर्षांचा होता. ज्या आघाडीवरून पळाल्याबद्दल त्याचा प्राण घेतला, तेथे कायद्याने त्याने असायलाच नको होते. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात २००१ साली अशा शिक्षा झालेल्यांचे स्मारक उभारले गेले. डोळे बांधून खांबाशी उभा केलेला तो तरुण बर्डनच्याच नमुन्यावर घडवला आहे. २००६ साली ब्रिटिश पार्लमेंटने अशा ३०६ सैनिकांना माफी दिली. क्षमेला उशीर झाला म्हणून ती निरर्थक ठरत नाही. पण क्षमा करणाराने आपणही क्षमा मागायला हवी होती काय, हा प्रश्न त्या दगडी डोळ्यांवरील पट्टीआडून आम्हांस विचारला जातो.

एकदा उंबऱ्यावर टाकलेले सत्य पुढे शोधूनही सापडत नाही. बेल्जियममधील पोल्कापेल येथील दफनभूमीत आयर्लंडच्या वॉटरफर्ड गावचा जॉन काँडन याची कबर आहे. १९१५ च्या मे महिन्यात तो मारला गेला. शिळेवर त्याचे वय १४ कोरले आहे आणि त्यामुळे तेथे यात्रेकरूंची रीघ लागते. पुढे अभ्यासकांनी जन्माचे कागद धुंडाळून असे मत मांडले की तो प्रत्यक्षात १८ वर्षांचा असावा, आणि त्या कबरीत निजलेला देह दुसऱ्याच कोणाचा असण्याचा संभव आहे. जेथे वय खरे लिहिण्याची कोणाला चाडच नव्हती, तेथे कबरीवरच्या शिळेनेही काय सांगावे?

सत्य ज्यांच्यापाशी होते, ती माणसे घरात होती. लीड्स शहराचा होरेस आइल्स चौदाव्या वर्षी सैन्यात गेला. जुलै १९१६ मध्ये त्याची बहीण फ्लॉरी हिने त्याला पत्र लिहून विनवले की, आता तरी आपले खरे वय सांगून टाक, म्हणजे ते तुला घरी पाठवतील. ते पत्र न उघडताच परत आले. सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला, सोळा वर्षांचा होरेस पडला होता. सर आर्थर मार्कहॅम यांच्यासारख्या पार्लमेंटच्या सभासदांनी हा प्रश्न सभागृहात लावून धरला. अखेर आईबापांनी जन्माचा दाखला दाखवून मागणी केल्यास अल्पवयीन मुलांना आघाडीवरून मागे घेण्याचे १९१६ साली मान्य करण्यात आले. तोवर कितीजणांसाठी फार उशीर झाला होता. मुलांची खोटी वये ऐकण्यास जे कान तत्पर होते, ते कान इतर बाबतींत बंदच होते. १ ऑगस्ट १९१७ रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी युद्धमान राष्ट्रांना रक्तपात थांबवण्याची कळकळीची विनंती केली, तीही कोणी ऐकली नाही.

दाखला पाठवणाऱ्या आयांना त्यांच्या मुलांनी लगेच धन्यवाद दिले असतील, असे आम्हांस वाटत नाही. सोबत्यांदेखत नाव पुकारून परत पाठवले जाणे हे त्या वयाला मरणाहून लाजिरवाणे वाटले असेल. ग्रॅहमच्या आईने सत्य सांगितले आणि मुलाची पदके गेली. पण मुलाचा मान आणि मुलाचा प्राण यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा या स्त्रियांनी मुलाचा रोष पत्करला. त्याच्याविरुद्ध दिलेली ही साक्ष त्याच्यासाठीच होती. मरियेनेही मंदिरात आपल्या पुत्राला प्रश्न केला. तो गुरुजनांत शोभतो आहे म्हणून ती मुकाट्याने मागे फिरली नाही.

जगाने यातून काहीतरी शिकले आहे. बालकांचा सशस्त्र संघर्षात वापर होऊ नये म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने २००० साली एक करार केला. भारतानेही तो २००५ साली स्वीकारला. अठरा वर्षांखालील कोणी प्रत्यक्ष लढाईत भाग घेऊ नये यासाठी शक्य ते सर्व उपाय योजण्यास तो राष्ट्रांना बांधून घेतो. अठरापूर्वी स्वेच्छेने सैन्यात येऊ पाहणाऱ्या मुलाकडून वयाचा विश्वसनीय पुरावा आणि आईबापांची समजून-उमजून दिलेली संमती घेतलीच पाहिजे, अशी अटही त्यात आहे. आमच्या मते या अटीत नीतीचा मोठा विचार सामावला आहे. सत्याची जोखीम मुलाच्या जिभेवरून उचलून विचारणाराच्या माथी ठेवली आहे. करार सर्वत्र पाळला जात नाही, हे दुर्दैव खरे. पण निदान दोष कोणाचा, हे आता लिहून ठेवलेले आहे.

हा तराजू आपण आपल्या घरातही आणावा. आम्ही एकदा बसने प्रवास करीत असताना शेजारच्या बाकावर एक कुटुंब बसले होते. वाहक आला तसा वडिलांनी मुलाला कोपराने ढोसले, आणि मिसरूड फुटू लागलेल्या त्या मुलाने मान खाली घालून आपले वय अकरा सांगितले. वाहक हसला आणि अर्धे तिकीट फाडून पुढे गेला. चार रुपये वाचले. युद्धाशी याची तुलना करणे अतिरेकाचे वाटेल, आणि इजेच्या मापाने पाहता ते आहेच. पण रचना तीच होती. मुलाच्या तोंडून खोटे, मोठ्यांच्या डोळ्यांत ते खोटे असल्याची जाणीव आणि दोहोंकडे समाधान. त्या मुलाने त्या दिवशी एवढेच शिकले, की मोठ्यांना जे हवे असते ते सांगितले की सुटका होते. उद्या याहून मोठ्या मेजापलीकडून कोणी त्याला वय विचारील, ताकद विचारील, मनाची तयारी विचारील. तेव्हाही समोरच्याला जे हवे तेच तो सांगेल, आणि त्याला थांबवणारा दाखला आपल्यापाशी असेल काय?

आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वहीत प्रत्येक बालकाचा जन्मदिवस लिहिलेला असतो. त्या दिवशी आईबापांनी आणि धर्ममातापित्यांनी त्या बालकाच्या वतीने वचने दिलेली असतात, कारण त्याला स्वतः बोलता येत नाही. ते बोलू लागले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे आपण समजतो. सिडनी लुईसची आई तसे समजली नाही. मुलगा बोलला होता, सैन्याने ते लिहून घेतले होते, जगाने मान्य केले होते. तरीही त्याच्या वतीने खरे बोलण्याचे काम अजून आपल्याकडेच आहे, हे तिने ओळखले आणि कपाटातून तो कागद काढला.